लेकराला कोणत्या तालमीत टाकावं?

१. जत्रेतला प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावची जत्रा घ्या. पालखी फिरली, पंगती उठल्या, की उन्हं कलताना गावाबाहेरच्या रानात कुस्त्यांचा फड भरतो. ढेकळं फोडून मऊ केलेली जमीन, भोवती गोल बसलेली माणसं, हलगीचा ठेका. सुरुवात नारळावरच्या कुस्त्यांनी होते. दहा-बारा वर्षांचं एखादं पोरगं आपल्यापेक्षा वजनदार गड्याच्या पटात शिरतं, त्याला उचलून पाठीवर टाकतं आणि फड टाळ्यांनी भरून जातो. त्याचा बाप कडेला उभा असतो, हातात पोराचा सदरा घेऊन. शेजारचा म्हणतो, "दाजी, याला इथं ठेवू नका, कोल्हापूरला टाका." दुसरा म्हणतो, "कोल्हापूरचे दिवस गेले, आता पुणंच." बाप दोघांकडं बघतो आणि आपल्याला विचारतो, "खरं सांगा, लेकराला कोणत्या तालमीत टाकावं?"

या बापाला खरं उत्तर मिळायला हवं, कारण तो त्यावर दोन एकरांचं पीक लावणार आहे. त्याच्या प्रश्नाच्या पोटात मात्र आणखी एक प्रश्न दडलेला आहे. मोठ्या तालमीमुळे पैलवान मोठा होतो, की मोठे पैलवान आल्यामुळे तालीम मोठी ठरते? हा गुंता सुटल्याशिवाय पहिल्या प्रश्नाला हात घालता येत नाही.

२. जालन्यातली गदा कुणाची?

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात, आझाद मैदानावर झाली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये हा किताब सुरू केला. पहिली स्पर्धा औरंगाबादला झाली आणि पहिले महाराष्ट्र केसरी ठरले सांगलीचे दिनकर दह्यारी. या स्पर्धेची रचना समजून घेऊ. मातीवर खेळणारे एका बाजूला, गादीवर म्हणजे मॅटवर खेळणारे दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचा विजेता ठरला की ते दोघे किताबाच्या गदेसाठी लढतात.

जालन्यात माती विभागातून आला बाला रफिक शेख आणि गादी विभागातून आला पुण्याच्या शिवरामदादा तालमीचा अभिजित कटके, जो आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी होता. बाला रफिकने ती कुस्ती ११-३ अशी जिंकली आणि चांदीची गदा खांद्यावर घेतली.

आता त्या गदेचं श्रेय वाटून बघा. बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचा. स्पर्धेत उतरला बुलढाण्याकडून. घडला कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली. पुढे सरावासाठी पुण्याच्या हनुमान आखाड्यात आला. आंदळकर वस्ताद सप्टेंबर २०१८ मध्ये गेले. शिष्याची गदा बघायला ते तीन महिने कमी पडले. कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी यांतलं प्रत्येक गाव बाला रफिकला 'आपला' म्हणालं, आणि कुणाचंच खोटं नव्हतं. पण एकाच गदेची नोंद चार पाट्यांवर होत असेल, तर पाटीवरची गदांची संख्या बघून तालीम निवडणाऱ्या बापाची फसगत ठरलेली.

३. बी आणि जमीन

जालन्याच्या माणसाला ही गोष्ट समजावायला लांबचा दाखला लागत नाही. हे बियाण्यांचं गाव आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी इथंच महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. समजा, एकानं नामवंत वाणाची सरकी काळ्या कसदार, पाण्याखालच्या रानात लावली आणि दुसऱ्यानं साधी सरकी मुरमाड माळावर. पहिल्याचा कापूस दुप्पट निघाला. करामत कुणाची, बियाण्याची की जमिनीची? शेतकरी लगेच सांगेल, असं नाही कळायचं. एकच बी दोन्ही रानांत लावा, मग बोलू.

तालमीचंही तसंच आहे. पोरगं म्हणजे बी, तालीम म्हणजे जमीन. तालमीनं चांगली पोरं वेचून घेणं याला आपण 'निवड' म्हणू, आणि घेतलेल्या पोरात भर घालणं याला 'घडवणूक' म्हणू. बाहेरून दोन्हींचं फळ सारखंच दिसतं, भिंतीवर लावलेल्या फोटोसारखं. अडचण अशी की एकच पोरगं एकाच वेळी दोन तालमींत टाकून बघता येत नाही. शेतकऱ्याला जी सोय आहे ती बापाला नाही. म्हणून त्याला हिशेब थोडा वेगळा मांडावा लागतो.

४. पाटीवरचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शहरातल्या मोठ्या तालमीत १०० पोरं आहेत. पाच वर्षांत त्यांतल्या २० जणांनी राज्यस्पर्धेत पदक मिळवलं. तालुक्याच्या लहान तालमीत ४० पोरं, पदकं मिळाली ४ जणांना. वीस कुठं आणि चार कुठं! शेकड्यात मोजलं तरी मोठी तालीम शंभरात वीस, लहान तालीम शंभरात दहा. कुणीही म्हणेल, पोराची ट्रंक भरा आणि शहर गाठा.

आता एक पायरी मागं जाऊ. मोठ्या तालमीतली १०० पोरं आली कशी होती? त्यांतली ६० जण दाखल होतानाच जिल्ह्याचं पदक गळ्यात घालून आली होती, बाकीची ४० अगदी कोरी. पदक मिळवणाऱ्या २० जणांपैकी १८ त्या तयार ६० मधले निघाले. कोऱ्या ४० मधले फक्त २. म्हणजे कोऱ्या पोरांचा हिशेब शंभरात पाच. लहान तालमीतली ४०च्या ४० पोरं कोरीच होती आणि त्यांतली ४ वर आली, म्हणजे शंभरात दहा.

बापाचं पोरगं कोरं असेल तर त्याच्यासाठी लहान तालीम दुपटीनं चांगली ठरली. तेच पोरगं चार वर्षांनी जिल्ह्याचं पदक घेऊन उभं राहिलं, तर उत्तर फिरेल. 'चांगली तालीम कोणती' हा प्रश्न अर्धाच असतो. 'कोणत्या पोरासाठी आणि कोणत्या वयात' हे जोडलं की तो पुरा होतो.

५. अमेरिकेतही हाच वाद

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळतात, चेंडू हातात घेऊन. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक चढाई त्याच्या हातून सुरू होते. चेंडू फेकायचा, कुणाकडं फेकायचा की दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. हे खेळाडू कॉलेजांत घडतात आणि व्यावसायिक संघ दरवर्षी त्यांची क्रमानं निवड करतात. साहजिकच तिथले आईबाप विचारतात, क्वार्टरबॅक घडवणारं कॉलेज कोणतं?

ओक्लाहोमा विद्यापीठाचा बेकर मेफिल्ड २०१८ मध्ये त्या निवडीत पहिला आला. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठाचा कायलर मरे पहिला आला. लागोपाठ दोन! पण मेफिल्ड आधी टेक्सास टेकमध्ये होता आणि मरे टेक्सास ए अँड एममध्ये. २०२० मध्ये पहिला आलेला जो बरो लुइझियाना स्टेटचा म्हणून गाजला, तो तिथं आला होता ओहायो स्टेटमधून. तिघांच्याही मागं दोन-दोन पाट्या. आणि सात वेळा सुपर बोल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक संघांची अंतिम लढत, जिंकणारा टॉम ब्रेडी २००० च्या निवडीत १९९ वा होता. ज्यांचा धंदाच खेळाडू पारखण्याचा आहे, त्यांनी त्याला १९८ नावांनंतर उचललं. त्यांची नजर इतकी चुकत असेल, तर जत्रेत सदरा धरून उभ्या असलेल्या बापानं स्वतःला दोष देऊ नये.

६. तालीम देते काय?

सगळी करामत निवडीची असती तर तालमी बंद करून नुसत्या निवड चाचण्या घेतल्या असत्या. तालीम पोरात भर घालते, आणि ती कशी घालते हे हौद्याजवळ, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्याजवळ, उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

पहाटे चार वाजता तालमीत दिवा लागतो. मारुतीला नमस्कार करून पोरं धावायला जातात, परत येऊन जोर-बैठका मारतात. मग लहान पोरं फावडं घेऊन हौदा उकरतात. ही माती साधी नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर कालवलेलं असतं. म्हणून ती बोटांना चिकटत नाही, अंगावरच्या ओरखड्यांना झोंबते पण सोसते, आणि पोरगं आपटलं तरी त्याला पोटात घेते. नवख्या पोराला पहिले काही महिने कुस्तीपेक्षा ही माती उकरण्याचंच काम जास्त असतं. घरच्यांना वाटतं पोराला राबवून घेतात. पण दंड, खांदे आणि मनगट त्या फावड्यावरच तयार होतात, आणि मोठ्यांच्या कुस्त्या जवळून बघायला मिळतात त्या वेगळ्याच.

खुराकाचं सगळे बोलतात. दूध, तूप, कुंडीत घोटलेल्या बदामांची थंडाई. पैसा असेल तर हे घरीही होतं. घरी न होणारी गोष्ट म्हणजे जोड.

जोड म्हणजे सरावाचा गडी, आपल्या वजनाचा, आपल्याला तोडीस तोड. रोज संध्याकाळी ज्याच्याशी झुंजायचं तो. कमकुवत गड्याला शंभरदा चीत करून काही शिकता येत नाही, आणि फार तगडा गडी असला तर अंग चोरायची सवय लागते. आपल्याहून जरासा सरस गडी रोज भेटला, तर तो आज ज्या डावावर आपल्याला पाडतो त्याची तोड उद्या शोधावीच लागते. पुण्यात काका पवारांच्या तालमीतला हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम कुस्तीत त्याच्यासमोर उभा होता लातूरचा शैलेश शेळके, त्याच तालमीतला. निकाल लागला ३-२, एका गुणानं. एकमेकांचा डाव सुरू होण्याआधीच ओळखणारे दोन गडी लढले तर फरक एवढाच राहणार. कुस्ती संपल्यावर सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. तीन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, पुन्हा त्याच तालमीचे दोघे अंतिम फेरीत भेटले, शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड. तगडे गडी जिथं आहेत तिथं तगडे गडी येतात, आठवडी बाजारासारखं. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकानदार येतो, दुकानदार आहे म्हणून गिऱ्हाईक.

पण हाच सदगीर पुण्याला येण्याआधी भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडत होता. तिथली माती त्याच्या अंगाला लागली नसती, तर पुण्याच्या जोडीपर्यंत तो पोचला नसता.

दुसरी न विकत मिळणारी गोष्ट म्हणजे वस्तादाची नजर. चांगला वस्ताद सगळ्यांना एकच डाव शिकवत नाही. लांब हातापायाच्या पोराला तो ढाकेकडं नेतो, बुटक्या, जाड मानेच्या पोराला पटाकडं. पोरगं पडलं की कसं पडलं हे विचारत नाही, त्याआधी दोन पावलं कुठं चुकलं ते सांगतो. ही नजर इमारतीत राहत नाही, माणसांतून माणसांत जाते. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापुरात घडले, १९६९ मध्ये लातूरच्याच स्पर्धेत महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत ते स्वतः वस्ताद झाले. काका पवार त्यांचे शिष्य. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदार मामांकडं आणि पुढं काका पवारांकडं शिकला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्ण मिळवलं, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. लातूर, कोल्हापूर, पुणे, बीड असा हा माग आहे. मराठवाड्यातून गेलेली नजर फिरून मराठवाड्याच्याच पोराला मिळाली, फक्त पुण्यात. ती इकडं टिकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

७. कोल्हापूरलाच का?

कोल्हापूरच्या पाण्यात काही आहे असं लोक म्हणतात. पाणी चांगलंच आहे, पण खरं कारण राजाश्रय आहे. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांच्या खुराकाची सोय केली, तालमींना हात दिला, बाहेरचे नामांकित मल्ल आपल्याकडं ठेवून घेतले आणि खासबागेचं कुस्ती मैदान उभारलं. तिथं मातीतला आखाडा मधोमध आहे आणि भोवती बैठक अशी चढत गेली आहे की शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. पोरांना जोड, वस्ताद, खुराक आणि बघणारे लोक एकाच गावात मिळाले. हे चारही कुठंही एकत्र आणता येतात, मात्र कुणाला तरी ते आणावे लागतात.

कधी ते काम राजा करतो, कधी एखादा प्राचार्य. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कॉलेजनं खेळाडू घडवला असं म्हणताना मला त्या कॉलेजची इमारत आठवत नाही, गहाण पडलेलं ते घर आठवतं.

८. गदा हे माप पुरेसं नाही

खाशाबा ५७ किलोच्या गटात खेळले. राहुल आवारेचं राष्ट्रकुल सुवर्णही ५७ किलोतलं. महाराष्ट्र केसरीचा गट मात्र ८६ ते १२५ किलोंचा असतो. म्हणजे या दोघांना त्यांच्या वजनात ही गदा कधी मिळालीच नसती. 'अमुक तालमीनं किती महाराष्ट्र केसरी दिले' असं मोजलं, तर आपल्या कुस्तीतली ही दोन मोठी माणसं हिशेबातूनच गळतात. तुमच्या घरात उंच, रुंद हाडाची माणसं नसतील, तर पोरगं बहुधा हलक्या वजनातच राहणार. मग गदांच्या यादीशी तुमचा काय संबंध?

माती आणि मॅटचंही बघावं लागतं. जत्रेच्या फडात खडाखडी लांबते, गडी दमेपर्यंत थांबता येतं आणि पाठ टेकली की निकाल. मॅटवर मोठ्या गड्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. नुसतं थांबून राहिलात तर पंच ताकीद देतात, आणि एकेक गुण मोजला जातो. जिल्हा, राज्य, देश, नोकरी, सगळी वाट मॅटवरून जाते. राहुल आवारे, नरसिंग यादव, विजय चौधरी या पैलवानांना राज्य शासनानं पोलीस उपअधीक्षक केलं. माती पाया घालते, म्हणून ती सोडू नये. पण बारा-तेराव्या वर्षी मॅटवर पाय पडलाच नसेल, तर पुढं फार झगडावं लागतं.

९. बापानं तालमीत जाऊन काय बघावं?

भिंतीवरचे फोटो बघा, आदरानं बघा, आणि मग हौद्याकडं वळा. तुमच्या पोराच्या वयाची, वजनाची पोरं मोजा. चार-पाच तरी नसतील तर तिथं जोड मिळणार नाही, तालमीचं नाव कितीही मोठं असो. संध्याकाळी वस्ताद हौद्यात उतरतात की नुसते खुर्चीवर बसतात, ते बघा. शंभर पोरांमागं एकच वस्ताद असेल तर त्याची नजर पहिल्या दहांवरच राहणार, तो माणूस कितीही भला असला तरी.

मग कान बघा. कुस्तीत घासून, दाबून कान सुजतो. कातडी आणि कुर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं आणि वेळेत डॉक्टरकडं नेऊन काढलं नाही तर तिथंच कडक होतं. त्याला आपण कान मोडला म्हणतो आणि मिरवतो. कान मोडला तरी ऐकू येतं, पण गुडघा गेला तर पैलवान जातो. म्हणून विचारा, पोराला लागलं तर तुम्ही काय करता? जो वस्ताद या प्रश्नावर चिडत नाही, दवाखान्याचं नाव सांगतो आणि किती दिवस हौद्यात उतरू देत नाही तेही सांगतो, त्याच्याकडं पोरगं निर्धास्त ठेवावं.

सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या पाच वर्षांत जी पोरं पदक न मिळवता बाहेर पडली, ती आज कुठं आहेत हे विचारा. फोटोतली पोरं निवडीनं आलेली असू शकतात. तालमीची खरी घडवणूक या मधल्या पोरांत दिसते. दहावी-बारावी झाली का त्यांची? कुणी भरतीला गेला, कुणी गावात पोरांना शिकवतो, की गुडघा धरून घरी बसलाय?

इथल्या पोरांनी बाहेर जाणं नवं नाही. समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. त्यांनी स्थापलेले अकरा मारुती मात्र सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. आमच्याकडचं बळ तिकडं जाऊन उभं राहण्याची रीत तेवढी जुनी आहे, आणि पुढंही पोरं ट्रंका घेऊन जातील. जायलाच हवं, वेळ आली की.

पण जत्रेतल्या त्या बापाचं पोरगं बारा वर्षांचं आहे, वजन पस्तीस किलो, अजून जिल्ह्याच्या मॅटवर उभंही राहिलेलं नाही. त्याला मी सांगेन, दाजी, ट्रंक आत्ताच भरू नका. उद्या संध्याकाळी याला घेऊन तालुक्याच्या तालमीत जा, वस्तादांना रामराम करा आणि विचारा, पस्तीस किलोचा दुसरा कोण आहे तुमच्याकडं?